मोबाईलात सगळं मिळतंय, मग शाळेनं काय शिकवायचं? सीमाभागातले अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठलेही असा, लिहा. धडा उघडायच्या आधी पोरांच्या हातात उत्तर येतंय, मग शाळेचं काम काय उरलं, असं आमचे साडू परवा म्हणाले आणि जेवणं राहिली बाजूला, वादच पेटला. भाषण नको, स्वतःचं घडलेलं सांगा. शाळेतलं काय कामाला आलं आणि काय शिकवायला पाहिजे होतं.

निपाणीकडचा, नदीकाठचा शेतकरी
2019 चा ऑगस्ट आठवतोय ना सगळ्यांना. आमचं गाव वेदगंगेकाठी. रात्री व्हॉट्सॲपवर कुणाचातरी आवाज आला, कोयना फुटली, पहाटेपर्यंत पाणी येतंय, पळा. काकू लोकांनी गाठोडी बांधली, म्हशी सोडल्या, सगळा गोंधळ. आता बघा, कोयना जाते कृष्णेला, आमच्या वेदगंगेवर पाटगावचं धरण आणि दूधगंगेवर काळम्मावाडी, कृष्णा चढली की आमच्याकडं फुगवटा येतोय ते खरं पण तो चढत चढत येतोय, एका रात्रीत भिंतीसारखा नाही. हे गावात सांगणारा एकच म्हातारा होता, शाळा चौथी. आमचा भाचा पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, त्याला म्हटलं बातमीत लाख क्युसेक म्हणालेत, म्हणजे किती रे पाणी? बघतच राहिला. मग बसवलं त्याला. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, दिवसाचे 86,400 सेकंद, लाखानं गुण, 864 कोटी घनफूट, म्हणजे 8.64 टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. गुणाकार त्याला येत होता की, पण हा गुणाकार इथं करायचा असतोय हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या शाळेत भारताच्या नद्या पाठ, गावच्या नदीवर कुठलं धरण ते कुणाला माहीत नाही.

उद्यमबाग (बेळगावचा कारखान्यांचा भाग), सीएनसीवर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर काम करतो
आयटीआय झालोय. प्रोग्रॅमिंग मी यूट्यूबवरच शिकलो, खोटं कशाला बोलू. नवीन पोरं येतात ती तर माझ्यापेक्षा भारी, एरर आला की मोबाईल काढून दोन मिनिटांत सोडवतात. पण परवा एकानं मशीनवरनं जॉब, म्हणजे तयार झालेला पार्ट, काढला, हाताला चटका बसेल इतका गरम, तसाच मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, साइज बरोबर म्हणून पुढं ढकलला. गार झाल्यावर सगळा लॉट कमी भरला. 100 मिलिमीटरचं लोखंड 50 डिग्रीनं जास्त तापलं तर साधारण 0.06 मिलिमीटरनं वाढतंय, आणि आमचा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरकच, 0.02 चा. पदार्थ तापला की प्रसरण पावतो हे त्यानं शाळेत लिहून मार्क घेतलेले, विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवलं पण! माझं म्हणणं, शाळेत एकदा तरी पोराच्या हातात व्हर्नियरसारखं मापाचं साधन द्या, गरम आणि गार दोन्ही मोजू द्या.

टिळकवाडी, निवृत्त शिक्षिका
सगळे पाठांतराच्या मागं लागलेत म्हणून लिहिते. नातवानं प्रोजेक्टसाठी त्या एआयला 1924 च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाबद्दल विचारलं. दोन पानं सुंदर मराठी, आणि अध्यक्ष म्हणून नेहरूंचं नाव! अहो, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, आमच्या घरापासनं चालत जाण्याच्या अंतरावर, त्या वेळी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. मला चूक दिसली कारण मला ते पाठ होतं. नातवाला दिसली नाही. डोक्यात काहीच नसेल तर शंका तरी कशावर घेणार पोरगं? त्यामुळं पाढे आणि सनावळ्या काढून टाका म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. मी त्याला विहिरीवर नेलं, अधिवेशनाचं स्मारक वीरसौध दाखवलं, मग स्वतःच येऊन पान खोडलंन.

खानापूर तालुका, सध्या पुण्यात नोकरी
बाईंचं पटलं. माझं वेगळं आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, कन्नड होतं पण गाईडमधली प्रश्नोत्तरं घोकून पास झालो. बाबा गेल्यावर जमिनीचं काम माझ्यावर आलं. कर्नाटक सरकारच्या भूमी साइटवर आरटीसी, म्हणजे आपल्या सातबारासारखा कन्नडमधला उतारा, घरबसल्या दिसतंय, माहिती समोर आहे, फुकट आहे, आणि मला त्यातलं ओ की ठो कळेना. एका एजंटानं नुसतं वाचून दाखवायचे पैसे घेतले. नंतर शेजारच्या अण्णांनी बसवून शिकवलं, कॉलम 9 ला मालकाचं नाव बघायचं, कॉलम 11 ला कर्जबिर्ज, बोजा काय असेल ते. तिथं बाबांनी कधीच फेडलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच पडलेला. एवढी वर्षं कन्नड शिकून एक उतारा वाचायला दिला नाही कुणी. सीमेचा वाद आपल्या जागी, माझी मराठी मराठीच राहणार, पण शेत ज्या कागदावर आहे तो कागद पोराला वाचता यायला पाहिजे. यावर शिव्या पडतील, माहिताय.

चिकोडी, हायस्कूलचा मास्तर
दादा, शिव्या कशाला, बरोबरच लिहिलंय. मी शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास असलंच काहीतरी घेतोय, लाइट बिल, उसाची काटा पावती, व्हॉट्सॲपवरचा एखादा फॉरवर्ड. पोरांना एवढंच विचारायला सांगतो, हे कुणी लिहिलंय, कधीचं आहे, आणि दुसरीकडं कुठं सापडतंय का. मागच्या टर्मला एका पोरीनं काटा पावतीतली वजावट चुकीची धरलेली शोधून काढली, वडील दुसऱ्या दिवशी कारखान्यावर जाऊन आले. मजा अशी की तीच पोरगी टेस्टला काठावर पास. पालक मीटिंगला येऊन विचारतात, सर, हे पेपरात येतंय काय? येत नाही. जानेवारी लागली की एसएसएलसीच्या, म्हणजे दहावी बोर्डाच्या, रिझल्टचं वरनं टेन्शन सुरू, तेव्हा माझा शनिवारचा तास पहिला जातोय. निपाणीचे दादा, तुमचं ते क्युसेकचं गणित मी येत्या शनिवारी घेतोय, तुमच्याकडं जुन्या पुराच्या बातम्यांची कात्रणं असतील तर फोटो टाका की.