घर विकताना टाकीत उरलेल्या तेलाचे पैसे घ्यावेत की तेल घराबरोबर सोडून द्यावे?

उंबरठा

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांमध्ये गॅसची पाइपलाइन बहुतेक ठिकाणी पोचलेली नाही. तिथली घरे तेलावर, टाकीत साठवलेल्या प्रोपेन गॅसवर किंवा लाकडावर तापवली जातात. असे घर विकायला काढले की छप्पर, सांडपाण्याची सेप्टिक टाकी, विहिरीचे पाणी या सगळ्यांवर दोन्ही बाजू बारकाईने बोलतात, पण तळघरातील टाकीत शिल्लक असलेल्या तेलाचा विषय क्लोजिंगच्या, म्हणजे पैसे देऊन घर खरेदीदाराच्या नावावर होण्याच्या, अगदी आधीच्या आठवड्यात निघतो आणि तोवर दोन्ही पक्ष थकलेले असल्यामुळे छोट्या रकमेवरून मोठी कटुता येते. आम्ही सध्या आमचे घर विकत आहोत. खरेदीदाराच्या एजंटने ‘तेल घरासोबतच येते’ असे गृहीत धरून बोलणी सुरू केली, म्हणून हा धागा उघडून विषय चर्चेला मांडतो आहे.

माझे मत स्पष्ट आहे. शिल्लक तेलाचे पैसे विक्रेत्याला मिळाले पाहिजेत, आणि ते क्लोजिंगच्या दिवशीच्या भावाने मिळाले पाहिजेत. तळघरातील नेहमीची टाकी २७५ गॅलनची असते आणि वर थोडी मोकळी जागा सोडावी लागत असल्याने तिच्यात साधारण २५० गॅलन तेल भरता येते. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तरी भरलेल्या टाकीतील तेल ८७५ डॉलरचे होते. मालमत्ता कराचा हिशेब आपण दिवसांवर विभागून करतो, पाण्याच्या बिलाचा करतो. मग तेलानेच काय घोडे मारले आहे? आपल्या राज्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या खरेदी-विक्री कराराच्या छापील नमुन्यातही इंधनाच्या मूल्याचा हिशेब ताबा देण्याच्या दिवशी करावा, असे कलम असते. म्हणजे मी काही नवीन मागत नाही.

पाचोळा

धागाकर्त्यांशी असहमत आहे. मालमत्ता कराशी केलेली तुलना मला पटत नाही, कारण कर भरला नाही तर नगरपालिका घरावर बोजा चढवते. तेलाचे तसे काही नाही.

शिवाय किंमत म्हणजे काय, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. वस्तूला किंमत तेव्हा असते जेव्हा ती दुसऱ्या कुणाला विकता येते. टाकीतील तेल विक्रेता सोबत नेऊ शकत नाही. तेल पुरवणारे ते उपसून आपल्या ट्रकमध्ये परत घेण्यास बहुधा तयार नसतात, कारण जुन्या टाकीतील पाणी आणि गाळ त्यांच्या चांगल्या मालात मिसळण्याची भीती असते. डिझेलच्या गाडीत घालावे, तर या तेलात लाल रंग मिसळलेला असतो, म्हणजे त्यावर रस्त्याचा कर भरलेला नसतो, आणि असे तेल रस्त्यावरच्या गाडीत सापडल्यास किमान १,००० डॉलर दंड आहे. ज्या मालाला जगात एकच गिऱ्हाईक आहे आणि तेही विक्रेत्याच्या घरातच राहायला येणार आहे, त्याचा पूर्ण बाजारभाव मागणे मला अडवणूक वाटते.

दुसरी गोष्ट माणुसकीची आहे. पहिले घर घेणाऱ्या तरुण जोडप्याने डाउन पेमेंट, वकिलाची फी आणि विमा भरून खिसा रिकामा केलेला असतो. चार-पाच लाखांच्या व्यवहारात सात-आठशे डॉलरसाठी त्यांच्यापुढे अखेरच्या क्षणी नवा कागद ठेवणे शोभत नाही. आधीच्या मालकांनी आम्हाला पाऊण टाकी तेल सोडले होते, आणि त्या पहिल्या डिसेंबरमध्ये त्याचा आम्हाला किती आधार वाटला, ते अजून आठवते.

मोजपट्टी

मी मूळ धाग्याशी सहमत आहे, पण एका अटीवर. पैसे घ्यायचे असतील, तर मोजणी नीट झाली पाहिजे. बहुतेक भांडणे तत्त्वाची नसून मोजणीची असतात, असे माझे निरीक्षण आहे.

टाकीच्या माथ्यावर प्लास्टिकची एक छोटी पारदर्शक कुपी असते आणि तिच्यात तरंगाला जोडलेली लाल चकती वर-खाली होते. लोक त्या चकतीचा मोबाइलवर फोटो काढून वकिलाला पाठवतात आणि ‘पाव टाकी’ म्हणजे ६९ गॅलन, असा हिशेब मांडतात. उभ्या ठेवलेल्या २७५ गॅलनच्या टाकीचा माथा आणि तळ गोलाकार असतात, त्यामुळे तळाच्या पाव उंचीत, म्हणजे ४४ इंचांपैकी ११ इंचांत, तेल साठ गॅलनपेक्षाही कमी मावते. निम्म्या उंचीवर मात्र हिशेब बरोबर निम्मा येतो. त्यात ती चकती जुनी होऊन अडकलेली असू शकते. कोरडी काठी तळापर्यंत टेकवावी, ओल्या खुणेची उंची मोजावी आणि टाकीच्या मापाच्या तक्त्यावरून गॅलन काढावेत. ही मोजणी दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर व्हावी.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे क्लोजिंगच्या आदल्या दिवशी टाकी पूर्ण भरून घेणे. तेल भरताना हवा बाहेर टाकणाऱ्या नळीवर बसवलेली शिट्टी वाजत राहते आणि टाकी भरत आली की ती थांबते. त्या आवाजावरच ट्रकवाला नळ बंद करतो. त्यानंतर पुरवठादाराकडून ‘टाकी अमुक तारखेला भरली, त्या दिवशीचा भाव अमुक’ असे पत्र घेतले की वादाला जागा राहत नाही. यात विक्रेत्याला आधी रोख पैसे घालावे लागतात, हे खरे. पण त्याची पूर्ण रक्कम त्याला क्लोजिंगच्या टेबलावर परत मिळते.

नवे छप्पर

खरेदीदाराची बाजू येथे कमी मांडली गेली आहे, म्हणून लिहितो. आम्ही घेतलेल्या घरात आल्याबरोबर हीट पंप (बाहेरच्या हवेतील उष्णता घरात आणणारे विजेवरचे यंत्र) बसवण्याचे ठरवले होते आणि राज्याच्या अनुदान योजनेचे कागदही तयार होते. विक्रेत्याने क्लोजिंगच्या तोंडावर टाकी काठोकाठ भरली आणि पूर्ण टाकीचे बिल आमच्या हिशेबात लावले. आम्हाला जे इंधन नकोच होते, तेच सर्वाधिक प्रमाणात विकत घ्यावे लागले. पुढे टाकी काढायची म्हटल्यावर ती रिकामी करण्याचा, गाळ उपसून स्वच्छ करण्याचा, आणि भिंतीबाहेरची भरण्याची नळी काढून टाकण्याचा खर्च आमच्याच माथी आला. ती नळी राहिली आणि चुकून कुणी तिच्यात तेल ओतले, तर ते थेट तळघरात सांडते, हे धोकादायक वास्तव बऱ्याच जणांना माहीत नसते. ‘मोजपट्टी’ यांचा ‘टाकी भरून घ्या’ हा सल्ला विक्रेत्याच्या सोयीचा आहे. खरेदीदाराला विचारल्याशिवाय तो अमलात आणू नये.

उंबरठा

‘नवे छप्पर’ यांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतकेच की टाकी भरण्याआधी लेखी संमती घ्यावी. खरेदीदाराला नको असेल, तर असलेले तेवढेच मोजावे. मात्र हीट पंप बसवला म्हणून तेल निरुपयोगी ठरते, हे मला पूर्णपणे मान्य नाही. या भागात जानेवारीच्या कडाक्याच्या आठवड्यांसाठी जुना बॉयलर राखून ठेवणारी कितीतरी घरे आहेत.

‘पाचोळा’ यांना मात्र ठाम उत्तर द्यायला हवे. शिल्लक तेलाचे काहीच मिळणार नाही, असे ठरले की विक्रेता काय करतो? तो करार झाल्या दिवसापासून तेल मागवणेच थांबवतो आणि टाकी शेवटच्या गॅलनपर्यंत खाली जाऊ देतो. समजा, क्लोजिंग फेब्रुवारीत आहे, विक्रेता सामान हलवून गेला आहे, घर आठ-दहा दिवस रिकामे आहे आणि त्यात तेल संपले. बर्नर बंद पडतो, तेलाच्या नळीत हवा शिरते आणि नंतर नुसते तेल भरून तो चालू होत नाही. तंत्रज्ञाला बोलावून नळीतील हवा काढून टाकावी लागते. तोवर भिंतीतील पाण्याचे पाइप गोठून फुटले, तर होणारे नुकसान हजारो डॉलरचे असते आणि ते कुणी भरायचे यावर नवे भांडण उभे राहते. उरलेल्या प्रत्येक गॅलनचे पैसे मिळणार असले की टाकीत तेल राखण्यात विक्रेत्याचेही हित असते. मी जो भाव मागतो, तो याच कारणासाठी मागतो. तेल उपसून बाजारात विकता येत नाही हे खरे, पण खरेदीदाराला तेच तेल दुसऱ्या दिवशी बाजारभावाने मागवावे लागणार असते. त्याचा जेवढा खर्च वाचतो, तेवढी त्या तेलाची किंमत आहे.

पाचोळा

टाकी रिकामी होऊ देण्याचा धोका मी नाकारत नाही. त्यासाठी ‘ताबा देईपर्यंत घर किमान ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवावे आणि टाकीत पाव भरून तेल असावे’ असे एक वाक्य करारात पुरेसे आहे. त्याकरिता गॅलनचा बाजार मांडण्याची गरज नाही.

भावाबद्दल माझी आणखी एक हरकत आहे. क्लोजिंगच्या दिवशीचा भाव म्हणजे नेमका कुणाचा? २०२२ च्या शरद ऋतूत न्यू इंग्लंडमध्ये तेलाने गॅलनला पाच डॉलरची मर्यादा ओलांडली होती आणि पुढच्या वसंतात ते चारच्या आसपास उतरले. त्या वेळी महाग तेल भरलेला विक्रेता ‘मी मोजलेली किंमत द्या’ म्हणत होता आणि खरेदीदार आजचा भाव दाखवत होता. २०२० च्या वसंतात स्वस्तात भरलेल्याला मात्र आजच्याच भावाची आठवण येणार. शिवाय आधी ठरवलेल्या भावाने वर्षभर तेल घेणाऱ्याचा दर वेगळा, रोखीने एकदाच मागवणाऱ्याचा वेगळा. इतक्या वाटा असलेल्या रकमेपेक्षा घराच्या किमतीतच तेल धरलेले बरे.

सह्यकडा

चर्चा तेलाचीच चालली आहे, पण गावाकडच्या अमेरिकन घरांमध्ये प्रोपेनही तितकेच महत्त्वाचे आहे आणि तिथे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. अंगणातील पांढरी टाकी अनेकदा घरमालकाची नसतेच. ती गॅस कंपनीने भाड्याने दिलेली असते. आपल्याकडे १४.२ किलोचा सिलिंडर कंपनीचा असतो, त्यावर आपली फक्त अनामत असते आणि घर सोडताना कनेक्शन परत करावे किंवा रीतसर बदलून घ्यावे लागते. तसाच हा प्रकार आहे. टाकी कंपनीची, आतील गॅस मात्र विक्रेत्याने पैसे देऊन घेतलेला. अनेक राज्यांत टाकीच्या मालक कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्या पुरवठादाराला तीत गॅस भरता येत नाही. त्यामुळे खरेदीदाराला कंपनी बदलायची असेल, तर जुनी टाकी उचलली जाते, गॅस उपसण्याचे शुल्क लागते आणि शिल्लक गॅसची परतफेड अनेकदा भरताना दिलेल्या भावाने मिळत नाही.

मोजणीतही फरक आहे. प्रोपेन उष्णतेने फुगत असल्याने टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. ५०० गॅलनच्या टाकीत ४०० गॅलन म्हणजे ती भरलेली. तबकडीवर ४० दिसले, की नवखा खरेदीदार आणि विक्रेता ‘चाळीस टक्के भरली’ ऐवजी ‘अर्धी भरली’ आणि ‘चाळीस गॅलन’ यांपैकी काहीही समजू शकतात. ५०० च्या टाकीत त्या ४० चा अर्थ २०० गॅलन आहे. म्हणून प्रोपेनच्या घरात घर दाखवण्याच्या वेळीच टाकी कुणाची, हे विचारावे. एकदा टाकीची मालकी कळली, की गॅसचे पैसे देण्याबाबत मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

केंटकर

इंग्लंडमधील ग्रामीण भागात हा वाद पुष्कळ कमी होतो, कारण घर विकताना भरायच्या टीए१० या सामानाच्या फॉर्ममध्ये शिल्लक इंधनाबद्दलही विचारलेले असते आणि विक्रेत्याला ते नेणार, सोडणार की विकणार, हे आरंभीच लिहावे लागते. येथे घरगुती तेलाची मागणी बहुधा ५०० लिटरपासून पुढेच घेतली जाते. त्यामुळे विक्रीला काढलेल्या घरात ‘थोडेसेच तेल भरून काम भागवू’ हा पर्याय नसतो आणि उरलेल्या साठ्याचे पैसे मागणे कुणाला वावगे वाटत नाही. ‘पाचोळा’ यांना जी अडवणूक वाटते, ती मागणी शेवटच्या दिवशी आल्यामुळे वाटते, असे मला वाटते.

मोजपट्टी

लाकडाचा उल्लेख राहून गेला, म्हणून थोडक्यात लिहितो. चार बाय चार बाय आठ फुटांची, म्हणजे १२८ घनफुटांची रास ही एक कॉर्ड. वाळलेले, वीस टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेले लाकूड आणि याच वसंतात फोडलेले ओले लाकूड यांना एकच भाव लावू नये. सोबत नेण्याचा विचारही करू नये. झाडे पोखरणाऱ्या किड्यांचा प्रसार होतो म्हणून सरपण लांब हलवण्यावर कित्येक राज्यांत निर्बंध आहेत. रास मोजून विकावी किंवा प्रेमाने सोडावी.

उंबरठा

भावाच्या प्रश्नावर ‘पाचोळा’ यांना उत्तर देतो. विक्रेत्याने कधी आणि कितीला तेल घेतले याला हिशेबात स्थान नसावे, मग त्यात त्याचा फायदा होवो वा तोटा. आमच्या वकिलांशी बोलून मी पुढील मजकूर करारात घालण्याचे ठरवले आहे: ‘क्लोजिंगच्या आधीच्या ४८ तासांत दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत काठीने मोजलेल्या गॅलनांचे मूल्य, घराला सध्या तेल पुरवणाऱ्या व्यावसायिकाच्या त्या दिवशीच्या रोख भावाने, खरेदीदार विक्रेत्यास देईल, खरेदीदाराच्या लेखी संमतीशिवाय करारानंतर टाकीत पाव टाकीहून अधिक तेल भरले जाणार नाही, आणि ताबा देईपर्यंत घर ५५ अंशांवर राखण्याची जबाबदारी विक्रेत्याची राहील.’

नवे छप्पर

यात मोजणीनंतर ताबा देईपर्यंत जळणाऱ्या तेलाचे काय, तेही लिहा. थंडीत दोन दिवसांत पंधरा-वीस गॅलन सहज जळतात आणि त्यांचे पैसे आम्ही दिले होते.