ट्यूबवाला हार्डवेअर कंप्रेसर घ्यावा का प्लगिनवरच भागते?

वरची_खोली (जरीपटका)
जय भीम मंडळी. मी घरीच रेकॉर्डिंग करतो. कामं म्हणजे भीमगीतं जास्त, १४ एप्रिलच्या आधी अन् दसऱ्याच्या आधी फोन थांबतच नाही, बाकी वर्षभर लग्नाची गाणी, एखादं भजनी मंडळ. सेटअप साधा आहे, टू इन टू आउट इंटरफेस (माइक कॉम्प्युटरले जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक अन् रीपर सॉफ्टवेअर. प्रॉब्लेम असा का आपले गायक सगळे स्टेजवाले, मुखडा एकदम हळू घेतात अन् अंतऱ्याच्या शेवटी असा आवाज फेकतात का मीटर लाल. मिक्समध्ये कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) लावला का लेव्हल सारखी होते पण आवाज चपटा वाटते, जीवच निघून जाते. आता ओळखीतला एक जण आपला स्टुडिओ बंद करून राहिला, त्याच्याजवळ एलए-टू-ए नावाच्या जुन्या मॉडेलच्या धर्तीचा ट्यूबवाला कंप्रेसर आहे, ८० हजार म्हणते. ऐकला मी त्याच्याकडे, काय गोड वाटला राजेहो. घेऊन टाकू का? का प्लगिनमध्येच (सॉफ्टवेअरमधल्या कंप्रेसरमध्ये) ते होते?

पोहे_तर्री
८० हजार?? अबे त्यात माइक बदल, खोली नीट कर अन् उरलेल्या पैशात पार्टी दे. रीपरमधला रीआकॉम्प कंप्रेसर फुकट आहे, क्लांगहेल्मचा डीसी-वन-ए प्लगिन फुकट आहे. अन् त्याच्याकडे गोड वाटला म्हणतो तर एक विचार, त्यानं बायपास करून (डबा मधून काढून) लेव्हल जुळवून ऐकवला होता का? एक दोन डीबी मोठं असलं का कोणालेही तेच चांगलं वाटते. हे विकणाऱ्याले बरोबर माहीत असते.

सदरचा_साउंडवाला
पोहेवाल्याचं लेव्हलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण "सगळं सारखंच" असंही नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

एलए-टू-ए साठच्या दशकातलं डिझाइन, जिम लॉरेन्स नावाच्या इंजिनिअरचं. आत टी-फोर नावाचा एक डबा असतो, त्यात चमकणारी पट्टी अन् समोर कॅडमियम सल्फाइडचा फोटोरेझिस्टर. गायक जोरात गेला का पट्टी जास्त चमकते, रेझिस्टन्स बदलते अन् आवाज दबतो. मजा सोडताना, म्हणजे रिलीजमध्ये आहे. अर्धं कंप्रेशन साधारण ६० मिलिसेकंदात सुटते अन् उरलेलं हळूहळू, एक सेकंदापासून १५ सेकंदांपर्यंत, ते किती जोरात अन् किती वेळ दाबलं त्यावर ठरते. म्हणून लांब तान घेतली तरी पंपिंग (आवाज खालीवर हलल्यासारखा) ऐकू येत नाही. अटॅकही (दाबायला लागणारा वेळ) सरासरी १० मिलिसेकंद, म्हणजे "भ" "ट" "क" ची सुरुवातीची ठोक निसटून जाते अन् मग दाब येतो.

याच्या उलट ११७६ नावाचा कंप्रेसर, बिल पुटनम नावाच्या इंजिनिअरचा, १९६७ चा, एफईटी ट्रान्झिस्टरवाला. त्याचा अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जातो. अन् लक्षात ठेव, त्याची अटॅक रिलीजची बटणं उलटी आहेत, पूर्ण उजवीकडे म्हणजे सगळ्यात फास्ट. त्याच्या नकलेच्या प्लगिनमध्येही तसंच असते, कितीतरी पोट्टे स्लो समजून फास्ट लावतात अन् मग म्हणतात प्लगिन बेकार.

तर तुझा आवाज चपटा होते तो सॉफ्टवेअर आहे म्हणून नाही. मला वाटते तू एकच कंप्रेसर लावून त्यालेच १२-१५ डीबी दाबायला सांगून राहिला, अन् अटॅक एक दोन मिलिसेकंद. गेन रिडक्शनचं (किती दाबलं ते दाखवणारं) मीटर बघ, दोन ओळींच्या मधल्या जागेत ते शून्यावर येते का? येत नसेल तर आवाजाले श्वासच नाही.

चांगल्या ऑप्टो (एलए-टू-ए सारख्या उजेडावर चालणाऱ्या कंप्रेसरची नक्कल) प्लगिनमध्ये हे दोन टप्प्यांचं सुटणं बरंच जवळ जमवलेलं असते. जुना खरा माल घ्यायचा म्हटलं तर त्यातही एकासारखा दुसरा वाजत नाही, ते टी-फोरचे सेल म्हातारे होतात. "व्हिंटेज साउंड" नक्की कोणत्या डब्याचा, हाच प्रश्न आहे.

अर्थिंग_भाऊ
सगळे आवाजावर बोलून राहिले, वायरिंगवर कोणीच नाही. भाऊ, तो डबा लावशील कुठं? एलए-टू-ए लाइन लेव्हलचा असते, माइक सरळ त्यात घालून भागत नाही, आधी प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा) लागते. तुझा प्रीअँप इंटरफेसच्या आत आहे अन् त्याच्या पुढे लगेच कन्व्हर्टर (सिग्नल डिजिटल करणारा), मधात घुसायला इन्सर्टचं सॉकेट नसेल तर जागाच नाही. म्हणजे वेगळा प्रीअँप घ्या. मिक्सच्या वेळी वापरतो म्हणशील तर दोनच आउटपुट आहेत अन् ते स्पीकरले गेलेले, म्हणजे मोठा इंटरफेस घ्या. अन् एक डबा म्हणजे एका वेळी एकच ट्रॅक, गाणं पूर्ण लांबीचं वाजवून प्रिंट (परत रेकॉर्ड) करायचं. पार्टीनं रात्री फोन करून "दादा, कोरस थोडा वर करा" म्हटलं का नॉबचे फोटो शोधत बस.

दुसरं, मूळ डिझाइनमध्ये चार ट्यूब आहेत, दोन १२एएक्स७, एक १२बीएच७ अन् एक ६एक्यू५. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री, वरची खोली म्हणजे स्लॅब तापलेला, त्यात हा हीटर. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं लवकर सुकतात. घेतलाच तर आधी उघडून बघ, अन् मागचा स्विच ११५ वर आहे का २३० वर ते प्लग लावायच्या आधी पाहजो, नंतर नाही.

वरची_खोली (जरीपटका)
इन्सर्ट नाही बा माझ्या इंटरफेसले, आत्ताच मागून पाहिलं. अन् सदरवाले भाऊ, मीटर खरंच शून्यावर येत नाही, रेशो (दाबायचं प्रमाण) ८ होता अन् अटॅक ०.५ मिलिसेकंद. पण मग रेकॉर्ड करतानाच लाल होते त्याचं काय? अन् कंप्रेस केल्यावर मागून कूलरचा आवाज येते तो वेगळाच, बाजूच्या खोलीत असूनही.

सदरचा_साउंडवाला
लाल होते तर गेन कमी कर, बस. २४ बिटवर रेकॉर्ड करतो ना? सगळ्यात मोठ्या आवाजाची ओळ आधी गाऊन घे, ती उणे १० डीबीच्या आसपास बसव. मुखडा मग उणे २५-३० वर दिसेल, छोटासा, घाबरू नको. टेपच्या काळी एवढं खाली ठेवलं का हिस्स यायचा म्हणून लोक आवाज टेपवर जातानाच कंप्रेस करत. तुले ती गरज नाही.

कूलरचं गणित सरळ आहे. १० डीबी दाबलं अन् १० डीबी मेकअप (दाबल्यावर परत वाढवणं) दिला, तर गायक थांबल्यावर खोलीचा आवाजही १० डीबी वर येते. ८० हजारवाला डबाही तेच करेल. टेक चालू असताना कूलर बंद, पंपही बंद, दोन टेकच्या मधात चालू. गायक घामेजला तरी चालते, स्टेजवर काय एसी असते का.

मिक्सची पद्धत अशी: आधी प्री-एफएक्स व्हॉल्यूम एन्व्हलपनं (कंप्रेसरच्या आधीच आवाज कमी-जास्त करायची रेषा) मुखडा हातानं वर घे अन् फेकलेल्या ओळी खाली, हे कंटाळवाणं काम आहे पण अर्धा प्रॉब्लेम इथंच संपते. मग ११७६ सारखा फास्टवाला कंप्रेसर फक्त टोकं धरायला, दोन तीन डीबी. त्याच्या मागे ऑप्टोवाला, तीन चार डीबी. ऑटो मेकअप बंद ठेव, नाहीतर पुन्हा मोठं म्हणजे चांगलं हाच घोळ.

पोहे_तर्री
अन् ढोलकी अन् कोरस म्यूट करून कंप्रेसर सेट नको करू. सोलोत मस्त वाटते, पूर्ण गाण्यात गायक गायब.

वरची_खोली (जरीपटका)
एक शेवटचं, कोरसवाले पाच जण एकाच माइकवर गातात, त्यांनाही हेच दोन लावू का?

अर्थिंग_भाऊ
नाही, तिथं एकच ऑप्टो, हलका. जो पोट्टा जास्त ओरडते त्याले एक पाऊल मागे उभा कर.