आईच्या हट्टामागचे युद्ध
एमी टॅन यांच्या १९८९ सालच्या ‘द जॉय लक क्लब’ या कादंबरीतील आया मुलींवर केवळ हुकमत गाजवतात, हे मत मला फार अपुरे वाटते. जपानी आक्रमणाच्या काळात चीनमधले क्वेलिन शहर सोडून पळताना त्यांतल्या एका आईला, सुयुआनला, आपल्या तान्ह्या जुळ्या मुली रस्त्याकडेला ठेवाव्या लागल्या होत्या. अमेरिकेत जन्मलेल्या मुलीने, जिंग-मेईने, पियानोवादनात नाव काढावे हा सुयुआनचा हट्ट त्या दुःखापासून तोडून वाचता येत नाही. म्हणूनच, आपणही त्या मुलींसारखे मेलेले असतो तर बरे, असे जिंग-मेई भांडणात ओरडते तेव्हा आई एकही शब्द न बोलता खोलीबाहेर जाते, आणि मला तरी कादंबरीत याहून क्रूर प्रसंग आढळला नाही. कादंबरीतल्या दुसऱ्या एका मुलीचे, वेव्हर्लीचे, प्रकरण निराळे आहे: बुद्धिबळ तिला मनापासून आवडते, तिला खुपते ते आईने बाजारात तिचे विजेतेपद मिरवणे.