पायथॉनमधून जर्मन बँक खात्याचे व्यवहार मिळवताना जोडणी नाकारली जाते

प्रश्न: जर्मनीतील माझ्या खात्याचे व्यवहार उतरवून घेण्यासाठी मी पिपने ‘फिनटीएस’ (जर्मन बँकांच्या सर्व्हरशी जोडणारी) लायब्ररी बसवली, बँकेचा आठ अंकी कोड, सर्व्हरचा पत्ता आणि पिन तपासून भरूनही जोडणी नाकारली जाते. काय राहिले असावे?

उत्तर १: आपण उत्पादन नोंदणी क्रमांक, म्हणजे बँकेशी जोडणाऱ्या प्रोग्रामचा ओळख क्रमांक, दिलेला दिसत नाही. तो डॉइचे क्रेडिटविर्टशाफ्ट या जर्मन बँक संघटनांच्या संयुक्त मंचाकडे अर्ज केल्यावर विनाशुल्क मिळतो.

उत्तर २: क्रमांक मिळाल्यावरही 90 दिवसांहून जुने व्यवहार मागितल्यास बँक सहसा टॅन (एकदाच वापरायचा पडताळणी क्रमांक) मागते, आणि तेव्हा लायब्ररी व्यवहारांच्या यादीऐवजी टॅनची मागणी दर्शवणारा ऑब्जेक्ट परत करते, तो आधी तपासावा. पुनःप्रयत्न मात्र लूपमध्ये ठेवू नयेत. चुकीच्या पिनमुळे माझा प्रवेश एकदा बंद झाला होता.

प्रश्नकर्ता: क्रमांकाची जागा खरोखरच रिकामी होती. आजच अर्ज करतो.