पायांचं वेड आणि अशोकाचं झाड

कुणीतरी लिहिलंय की पायांचं आकर्षण हे इंटरनेटनं आणलेलं पाश्चात्त्य खूळ. नाही पटलं. सुंदरीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो, हा संस्कृत कवींचा जुना संकेत. तिथं कुठलं इंटरनेट?

'फेटिश' म्हणजे एखाद्या अवयवाचं किंवा वस्तूचं लैंगिक आकर्षण; हा शब्द या अर्थानं फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिनेनं १८८७ मध्ये वापरला. अशा आकर्षणाचं मूळ त्यानं लहानपणीच्या एखाद्या योगायोगात शोधलं. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन मेंदूच्या नकाशाकडे बोट दाखवतात : पाय आणि जननेंद्रियं यांच्या संवेदनांच्या जागा शेजारी-शेजारी. तर्क झकास, पण मग लांब केसांवर भाळणाऱ्यांचं काय?

आमच्या सांगलीकडं बघण्याच्या कार्यक्रमात म्हाताऱ्या बायका मुलीला म्हणायच्या, "जरा चालून दाखव गं." लक्ष्मीची पावलं म्हणे! नवऱ्यामुलाला मात्र कुणी चालायला लावलेलं मी तरी पाहिलं नाही.