जिल्हा पंचायतीत सत्ता पालटते, म्हणजे नेमके काय पालटते?

धागाकर्ता, डिचोली:
जिल्हा पंचायतीचा, म्हणजे झेडपीचा, निकाल लागला की गुलाल उधळला जातो, अध्यक्षपदासाठी बैठका झडतात आणि वर्तमानपत्रे 'सत्तांतर' असा मथळा देतात. पण जिच्या हाती फारसे काही दिलेलेच नाही, त्या संस्थेत सत्ता कोणती आणि अंतर कसले, हे मला अजून उमगलेले नाही. गोव्यात उत्तर आणि दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती आहेत, प्रत्येकी २५ मतदारसंघांच्या. राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या आत असल्याने तालुक्याचा मधला स्तर इथे नाही. म्हणजे १९१ ग्रामपंचायतींच्या वर थेट जिल्हा. ७३व्या घटनादुरुस्तीने २९ विषयांची यादी दिली खरी, परंतु त्यांतले किती सोपवायचे हे राज्यांच्या मर्जीवर ठेवले, आणि पर्वरीत, म्हणजे राज्य सरकारात, कोणीही बसले तरी ती मर्जी फारशी झालेली नाही. आमच्या वाड्यावर गणपती विसर्जनासाठी ओहोळाला पायऱ्या बांधल्या, त्यांचा पैसा झेडपीचा. फरशीवर मात्र आमदारांचे नाव सर्वांत वर कोरलेले आहे आणि झेडपी सदस्याचे अगदी तळाला, तेही मागाहून रंगाने लिहिलेले. दोन पावसाळ्यांत ते पुसट झाले. माझे म्हणणे एवढेच, की अधिकार देणार नसाल तर २०१५ मध्ये आणलेली पक्षचिन्हे तरी काढा.

एक वाचक, मडगाव:
पायऱ्यांची हकिगत पटली, निष्कर्ष पटला नाही. चिन्ह काढल्याने पक्ष जात नाही. ग्रामपंचायतींच्या निवडणुका कागदोपत्री पक्षाविना होतात, तरी कोणता पंच (ग्रामपंचायत सदस्य) कोणत्या आमदाराचा हे तिठ्यावरचा चहावालासुद्धा सांगतो. चिन्ह असले की निदान मतदाराला उघडपणे जाब विचारता येतो. शिवाय लहान पक्षाला पाय रोवायला हीच जागा मिळते. डिसेंबर २०२० मध्ये आम आदमी पक्षाने झेडपीची बाणावलीची जागा जिंकली, तेव्हा पुष्कळांनी ती किरकोळ बाब मानली. २०२२ मध्ये बाणावलीचा आमदारही त्याच पक्षाचा झाला.

धागाकर्ता:
बाणावलीचा दाखला मान्य आहे, पण तो तुम्ही झेडपीच्या कामाबद्दल नव्हे, विधानसभेच्या पूर्वतयारीबद्दल दिलात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. तालीम म्हणूनही ती भरवशाची नाही. त्याच २०२० च्या निवडणुकीत भाजपने ५० पैकी तीसहून अधिक जागा घेतल्या आणि काँग्रेसला ४ मिळाल्या. सव्वा वर्षाने विधानसभेच्या ४० जागांत भाजप २० वर थांबला आणि काँग्रेस ११ वर पोचली. आणि जाब विचारायचे म्हणाल, तर त्या ११ पैकी ८ जण सप्टेंबर २०२२ मध्ये भाजपमध्ये गेले. चिन्हावर मत देणाऱ्याने कोणाला जाब विचारला?

एक वाचक, पेडणे:
तुम्ही दोघेही चिन्हावर अडून बसलात. सत्ता पालटली की आमच्याकडे एक गोष्ट नक्की पालटते, ती म्हणजे मंजूर झालेल्या कामांचा क्रम. आमच्या रस्त्यालगतच्या गटाराचे काम मागच्या सदस्याच्या यादीत तिसरे होते, नव्या यादीत ते सापडतच नाही. ग्रामसभेत मी विचारले, तेव्हा सरपंच म्हणाले की हा विषय जिल्हा पंचायतीचा. सदस्याकडे गेलो, तर ते म्हणाले की आधी आमदारांना भेटा. अजून भेट मिळालेली नाही.