मदत हवी आहे: बहिणीच्या मेंदूतल्या गाठीचं कारण काय असावं?
ताईला मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणात होणारी गाठ) निघालाय. नातेवाईक मोबाइलला दोष देऊन मोकळे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं हे खरं, पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे! माझी शंका वेगळीच आहे. लहानपणी ल्युकेमियासाठी तिच्या डोक्याला रेडिएशन दिलं होतं. शिवाय गर्भनिरोधक म्हणून मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं ती बरीच वर्षं घेतेय. दोन्हींचा या गाठीशी संबंध आढळलाय.

इंजेक्शन थांबवण्याबद्दल न्यूरोसर्जनशी बोलायचं की स्त्रीरोगतज्ज्ञांशी? घरात न्यूरोफायब्रोमॅटोसिस (अशा गाठी होऊ शकणारा आनुवंशिक आजार) कुणालाच नाही, तरी आम्हा भावंडांनी एमआरआय करावा का? अशा प्रसंगातून कुणी गेलं असेल तर कृपया सांगा. डॉक्टर मंडळी असतील तर फारच बरं.